ओनागाचा खरा करडा

जगात करडा रंग एकच असतो असं ज्यांना वाटतं, ती माणसं सुखी असतात. त्यांना वेळेवर भूक लागते, पडल्या पडल्या झोप येते आणि त्यांच्या बायका त्यांच्याशी सरळ बोलतात. गेल्या हिवाळ्यापर्यंत माझंही असंच चाललं होतं.

माझ्या दुखण्याचं नाव मुरामात्सु. आमच्या शिझुओकात प्लास्टिकची विमानं जोडणाऱ्यांची मंडळं गल्लोगल्ली आहेत. त्यातल्याच एका मंडळात आम्ही दोघं. महिन्यातून एकदा जमायचं, चहा प्यायचा आणि एकमेकांच्या विमानांचं कौतुक अशा शब्दांत करायचं की घरी गेल्यावर समोरच्याला झोप लागू नये. या कलेत मुरामात्सु-सानचा हात धरणारा कोणी नाही. मी मोठ्या मेहनतीने बनवलेलं एक अंतराळयान त्यांनी हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "कात्सुमाता-सान, सांधे काय सुरेख बुजवलेत! रंगाचं म्हणाल तर... सांधे मात्र खरंच सुरेख."

हे ऐकल्यावर माणसाने काय करावं? मी दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन ओनागाचा खोका घेऊन आलो.

ओनागा म्हणजे आमच्या लहानपणी दूरदर्शनवर लागणाऱ्या 'गुरूपलीकडचा पहारा' या कार्टून मालिकेतलं लढाऊ विमान. ओनागा नावाचा पक्षीही असतो, लांब शेपटीचा, त्याच्यावरूनच विमानाला ते नाव. दर शुक्रवारी संध्याकाळी हे विमान धूमकेतूंच्या मधून सुसाट जायचं आणि आम्ही पोरं तोंडातला भात गिळायचं विसरायचो. मेमध्ये मंडळाचं प्रदर्शन होतं. तिथे ओनागा अशा अचूक रंगात मांडायचं की मुरामात्सु-सानना सांध्यांबद्दल बोलायला जागाच राहू नये, असा माझा बेत होता.

जोडणी झटपट उरकली. मग रंगाची पाळी आली. खोक्यावरच्या चित्रात ओनागा निळसर होतं. आतल्या कागदावर चार रंग मिसळायला सांगितले होते, ते मिसळल्यावर थेट शिळ्या माशाच्या पोटाचा रंग आला. जुनी टेप लावली तर विमान हिरवट. नव्याने साफसूफ करून काढलेली डीव्हीडी आणली, तर तिच्यात ते राखेसारखं. शिवाय सूर्याजवळून गेलं की नारिंगी, सावलीत गेलं की काळपट. विमान एकच, वैमानिक एकच, आणि दर शुक्रवारी रंग वेगळा! लहानपणी मला हे दिसलं कसं नाही, याचंच आता नवल वाटतं. बहुधा भातात लक्ष असावं.

मी मुरामात्सु-सानना फोन केला. शत्रूला फोन करण्याइतका मी मेटाकुटीला आलो होतो.

"मालिकेवर विसंबू नका हो," ते म्हणाले. "मूळ चित्रकाराने पक्षी बघून रंग ठरवला असणार. तुम्हीही पक्षी बघा."

ते गंभीरपणे म्हणाले की माझी फिरकी घेतली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण रविवारी सकाळी मी रंगवलेल्या पट्ट्या घेऊन सुनपु किल्ल्याच्या बागेत हजर होतो. ओनागांचा थवा आला, कर्कश ओरडला आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर असा पळत राहिला की मान दुखून आली. मी एका झाडाखाली पट्टी उंच धरून एक डोळा मिटून उभा असताना एक आजी जवळ आल्या.

"आलात एकदाचे! किती दिवसांपासून सांगतेय मी पालिकेला. ती वाळकी फांदी कोणाच्या तरी डोक्यात पडणार."

"मी पालिकेचा नाही, आजी."

"मग वर काय मोजताय?"

मी फांदीकडे नीट बघितलं, "पडेल खरी" म्हणालो आणि पट्ट्या खिशात घालून घरी आलो. पक्षी बाकी सुंदर होता. पण उडताना निळा आणि बसल्यावर करडा. म्हणजे मालिकेवाले निदान लबाड नव्हते.

घरी वेगळीच लढाई सुरू होती. सुरुवातीला मी नमुने प्लास्टिकच्या चमच्यांवर रंगवत होतो. एकदा बायकोच्या, सुमिएच्या, मैत्रिणी आल्या, त्यांच्यासमोर खरवसासारखं पुडिंग आलं आणि चमचे सगळे करडे निघाले.

"बाबा," पाहुण्या गेल्यावर सुमिए म्हणाली. आमची मुलगी नागोयाला राहायला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी बायको मला अजून बाबाच म्हणते. "हे सगळे रंग सारखेच आहेत."

"सारखे? हा थंड आहे, हा ऊबदार आहे, हा—"

"पुडिंगला लागला की सगळे सारखेच."

तिने चमचे कपाटात कुलपात ठेवले आणि घरातल्या घरात रंगाचा वासही येता कामा नये असा हुकूम काढला. मग मी चमचे सोडून प्लास्टिकच्या सपाट पट्ट्यांवर आलो आणि खोली सोडून बाहेर आलो. खरं तर बरंच झालं. दिव्याखाली रंग खोटं बोलतात. त्यांना बोलतं करायला उत्तरेचा उजेड लागतो, आणि आमच्या इमारतीत उत्तरेचा उजेड असतो तो दारांपुढच्या मोकळ्या वऱ्हांड्यात. त्यातही उत्तम म्हणजे लिफ्टशेजारची भिंत, सूचनाफलकाच्या बाजूची.

एका सकाळी कामावर निघताना मी तिथे सगळ्या पट्ट्या ओळीने चिकटवल्या. खाली ओ-१, ओ-२ असे क्रमांक घातले आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'निरीक्षण चालू आहे. कृपया हात लावू नये.'

शेजारच्या फलकावर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. सोसायटीच्या सूचना कोण वाचतं? त्या दिवशी तिथे लिहिलं होतं: 'इमारतीच्या दुरुस्तीचं काम लवकरच सुरू होत आहे. बाहेरील भिंतींच्या रंगाबाबत रहिवाशांचं मत मागवण्यात येईल.'

संध्याकाळी परत आलो तर पट्ट्यांसमोर नोझावा-सान उभ्या होत्या. या आमच्या शेजारीण. एकट्या राहतात, फुलांची सजावट शिकवतात आणि कोणत्याही विषयावर त्यांचं मत तयार असतं.

"कात्सुमाता-सान, हे तुमचं काम का? वा! पण चार नंबर जरा उदास नाही वाटत? आत राहणारं माणूस दबून जाईल."

मला आनंदाचं भरतं आलं. इतक्या वर्षांच्या शेजारात या बाईंना ओनागाची आवड आहे हे मला कळलंच नव्हतं!

"आत एकच माणूस असतो," मी म्हणालो.

"अहो, तेच म्हणते मी! एकट्या माणसाचा विचार आधी करायला हवा. आणि मागच्या बाजूलाही हाच रंग?"

"शेपटीला थोडा गडद घेणार."

"शेपटीला?"

"म्हणजे मागच्या टोकाला."

"हां, जिन्याकडे. बरोबर आहे, तिथे हात लागून मळतं." त्या पट्ट्यांच्या आणखी जवळ गेल्या. "मला सहावा आवडला. पावसात कसा दिसेल पण?"

"पावसात तो जातच नाही. अंतराळात असतो."

नोझावा-सान मनापासून हसल्या. माझ्या अंगी विनोदबुद्धी आहे हा शोध त्यांना त्या दिवशी लागला, आणि तो त्यांनी चारचौघांत सांगितला.

दोन दिवसांनी दाराची घंटा वाजली. दारात संत्र्यांची पेटी घेतलेले अकाहोरी-सान उभे. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या दुरुस्ती समितीचे अध्यक्ष. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपण गृहपाठ केलेला नाही असं वाटतं.

त्यांनी खोल वाकून नमस्कार केला. "कात्सुमाता-सान, समिती तुमची ऋणी आहे. रंगाचं काम बघणारे सदस्य बदली होऊन गेले आणि आम्ही हवालदिल होतो. तुम्ही न सांगता जबाबदारी उचललीत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सुमिएच्या डोक्यातही उजेड पडला होता.

"नाही नाही, तसं काही नाही," मी म्हणालो. "ते मी सहज..."

"सहज! काय हा नम्रपणा!"

"खरंच, मला रंगातलं काही कळत नाही."

"तुम्ही त्या माशांच्या डब्यांच्या कंपनीत लेबलं बघता ना?"

"लेबलांवरचं शुद्धलेखन बघतो."

"बघा! इतकी बारीक नजर!"

आमच्याकडे ही एक पंचाईत आहे. पहिल्यांदा नाही म्हटलं तर तो शिष्टाचार समजतात, दुसऱ्यांदा म्हटलं तर विनय, आणि तिसऱ्यांदा म्हटलं की माणसाची समितीवर नेमणूक होते. पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाने त्या वेळी छाती पुढे काढून 'हा माझ्या खेळण्यातल्या विमानाचा रंग आहे' असं सांगायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण समोर मुख्याध्यापक होते. आणि संत्री चांगली होती.

दार लागल्यावर सुमिए स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने तोंडावर फडकं दाबलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आता काय करू?" मी विचारलं.

"शेपटी गडद करा," ती म्हणाली आणि पुन्हा आत पळाली.

पुढचे दिवस माझ्या जिवाला चैन नव्हतं. समोरच्या बाजूला राहणारे लोक लिफ्टमध्ये मला गाठून कानात सांगत की करडा रंग म्हणजे तुरुंग. मागच्या बाजूचे सांगत की करडा म्हणजे प्रतिष्ठा. कामावर मी एका लेबलावरची अशी चूक सोडली की 'भाजीच्या तेलातला मासा'ची 'माशाच्या तेलातली भाजी' झाली असती. एका सहकाऱ्याने ती वेळेवर पकडली म्हणून वाचलो. घरी कोऱ्या पांढऱ्या प्लास्टिकचं ओनागा टेबलावर माझ्याकडे नाक करून उभं होतं. मला त्याच्याकडे बघवेना.

रहिवाशांची मतं घेतली आणि सहावी पट्टी जिंकली. आता एक गोष्ट सांगतो, हसू नका. सगळ्या पट्ट्यांत ओनागाचा खरा करडा सहावीच होती. हे मी कोणालाही न सांगता ठरवून बसलो होतो, आणि सगळ्या इमारतीने आपणहून तीच निवडली! मुरामात्सु-सान एकटे आणि इकडे अख्खी सोसायटी! माझी छाती नको तितकी फुगली. सभेत मी उठून दोन शब्दही बोललो. "हा रंग उन्हात वितळत नाही, सावलीत मरत नाही. वेगात..." इथे मी खोकलो. "काळाच्या वेगात टिकतो." टाळ्या पडल्या. सुमिए खाली मान घालून चपलेशी काहीतरी करत होती.

कंत्राटदाराच्या माणसाने रंगाचा क्रमांक विचारला.

"ओ-६."

"रंगछटांच्या कोणत्या वहीतला?"

वहीतला नव्हताच तो. निळ्याचे थेंब, पांढऱ्याचा मोठा हिस्सा, जरासा लाल आणि टोकावर घेतलेला काळा, अशी ती पाककृती होती. माझ्या आज्जीने लोणच्याचं प्रमाण असंच सांगितलं असतं. तो माणूस पट्टी घेऊन गेला आणि यंत्राने मापून आला. मग मोठ्या इमारतीचा रंग बदलायचा तर पालिकेत कळवावं लागतं म्हणून अकाहोरी-सान मला घेऊन कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी नम्रपणे विचारलं, "या छटेला नाव काय लिहायचं?"

"ओनागा," माझ्या तोंडून निघून गेलं.

"वा! आपल्याकडच्या पक्ष्याचं नाव," त्या म्हणाल्या. अकाहोरी-सानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तुमच्यासारखा विद्यार्थी मला मिळाला असता तर." मी ज्यांच्या शाळेत होतो त्या मास्तरांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

इमारतीआधी नमुना म्हणून सायकलींची शेड रंगवायचं ठरलं. काम झालं त्या शनिवारी सकाळी खालून गलका ऐकू आला. मी चपला सरकवून खाली धावलो.

शेड जांभळी होती.

जांभळट नाही, जांभळसर नाही, पिकलेल्या वांग्यावर दूध सांडल्यासारखी जांभळी. माझ्या तळव्याएवढ्या पट्टीत जो लाल मुकाट्याने दबून बसला होता, तो एवढी भिंत मिळाल्याबरोबर उठून उभा राहिला होता. छोट्या वस्तूचा रंग मोठ्या जागेवर लावला की बदलतो, ही आमच्या छंदातली अगदी बाळबोध गोष्ट. मंडळात नव्याने आलेल्यांना ती मीच समजावून सांगतो.

"हे काय आहे?" कोणीतरी म्हणालं.

"रात्रीचा बार वाटतोय," दुसरं कोणीतरी म्हणालं.

"पंधरा वर्षं यात राहायचं आपण?"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. तेवढ्यात अकाहोरी-सान आले. त्यांनी शेडकडे बघितलं, मग हाताने उजवा डोळा झाकला.

"काय बिघडलंय? उत्तम करडा आहे."

"अकाहोरी-सान," नोझावा-सान म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांनी बघा."

त्यांनी हात काढला. मग त्यांनी डावा डोळा झाकून बघितलं आणि एक पाऊल मागे सरकले.

"मोतीबिंदू," ते हळूच म्हणाले. "उजव्याचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने सगळंच निळंजांभळं दिसायला लागलं, म्हणून रंग निवडताना मी... जुन्या डोळ्यावर विश्वास ठेवला."

एवढ्या मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर असं उभं राहिलेलं मला बघवेना. ते सरळ ताठ उभे होते, पण डोळ्यावरचा हात खाली आणायचं त्यांना सुचत नव्हतं. लोक आता त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात माझी सुटका होती. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं.

मी तोंड उघडलं. पण आवाज आला तो सुमिएचा. ती एप्रनवरच खाली आली होती.

"अध्यक्षांची काही चूक नाही. हा रंग इमारतीसाठी बनवलेलाच नव्हता. विमानासाठी होता."

"विमान?"

"दूरदर्शनवरच्या विमानाचा. यांचा छंद आहे. नमुने उजेडात बघायला म्हणून भिंतीवर लावले होते. पुढे सगळ्यांनी इतकं कौतुक केलं की यांना नाही म्हणता आलं नाही."

मी कमरेतून वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. तिथून फक्त लोकांच्या चपला दिसत होत्या. एकही चप्पल हलत नव्हती.

"म्हणजे," नोझावा-सानांचा आवाज आला, "ती शेपटी खरोखरची शेपटी होती?"

"हो," मी जमिनीला सांगितलं.

कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. अकाहोरी-सान मात्र हसले नाहीत. ते माझ्यासमोर आले आणि त्यांचा तो शाळेतला आवाज परत आला. "कात्सुमाता-सान. ते विमान घेऊन या."

मी वर गेलो आणि बिनरंगाचं ओनागा दोन्ही तळव्यांवर ठेवून खाली आणलं. ते त्यांनी घेतलं. आधी एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्याने. मग ते हातोहात फिरलं. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी ते डोक्यावरून हलकेच उडवून बघितलं आणि त्यांची बायको बघतेय हे लक्षात आल्यावर पुढच्याकडे दिलं. "हे निळं होतं," एकजण म्हणाला. "छट्, हिरवं होतं." "तुमचा दूरदर्शन संच बिघडलेला असेल." "आमचा? आमचा नवा होता!" मघापर्यंत ज्यांना शेडने पेटवलं होतं ते आता धूमकेतूंवरून भांडत होते.

"माझ्या दोन्ही डोळ्यांना," अकाहोरी-सान शेवटी म्हणाले, "हे निदान पांढरंच दिसतं." डबे आवरत असलेल्या कंत्राटदाराच्या माणसापुढे त्यांनी विमान धरलं. "हा पांढरा तुमच्या वहीत आहे का?"

होता. तयार डब्यांत होता, आणि त्यातल्या त्यात लवकर मिळणाराही तोच होता. आमची इमारत आज ओनागाच्या कोऱ्या प्लास्टिकच्या रंगाची आहे. लोक छान म्हणतात. शेड पुन्हा रंगवायचा कोणाला उत्साह उरला नव्हता, म्हणून ती राहिली. समितीचा राजीनामा मी दिला. तो विनय समजून फेटाळण्यात आला.

अकाहोरी-सानांचं दुसरं ऑपरेशन वसंतात झालं. भेटायला गेलो तर म्हणाले, "शेड बघितली. आता दोन्ही डोळ्यांनी भयंकर दिसते." चेहऱ्यावर अगदी समाधान होतं.

विमान मी शेवटी सहाव्या पट्टीच्याच रंगात रंगवलं. सुमिएने खिडक्या उघड्या ठेवायच्या अटीवर परवानगी दिली, आणि काम चालू असताना दोनदा येऊन बघूनही गेली. मुरामात्सु-सान प्रदर्शनाच्या दिवशी आजारी पडले. इतके महिने ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला, तो आलाच नाही!

पण सुमिए आली. मंडळाच्या प्रदर्शनाला ती पहिल्यांदाच येत होती. दुपारी एक सडपातळ गृहस्थ आमच्या टेबलापाशी थांबले, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि ओनागावर वाकले.

"हं," ते म्हणाले. "करडा चांगला आहे. यात किंचित जांभळा आहे का पण? मूळ विमानात तर—"

मी माफी मागायला वाकू लागलो होतो. सुमिए माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आहे," ती म्हणाली. "एवढ्याशा जागेत तो दिसत नाही. मोठा लावला की दिसतो. आम्ही लावून बघितलाय."

गृहस्थांनी भिंग खाली केलं. त्यांच्या आवाजात आदर आला होता. "लावून बघितलाय? केवढा मोठा?"

"आत चाळीस सायकली मावतात," सुमिए म्हणाली.